पोटहिस्सा

अण्णांनी तेहेतीस वर्षं जमिनी मोजल्या. कागदोपत्री ते भूकरमापक. गावागावांत मात्र ‘मोजणीदार आले’ एवढंच म्हटलं जायचं आणि बांधावर माणसं गोळा व्हायची. सातारा जिल्ह्यातले तीन तालुके त्यांनी पायी तुडवले. 2001 मध्ये ते निवृत्त झाले आणि 2003 च्या ऑक्टोबरात आईला घेऊन पहिल्यांदाच आमच्याकडे आले, न्यू जर्सीत, एडिसनला. दिवाळी त्या वर्षी 25 ऑक्टोबरला होती. ती एकत्र करायची म्हणून मुद्दाम तेव्हाची तिकिटं काढली होती.

त्याच सुमारास आमच्या टीव्हीखालच्या रेकॉर्डरची डिस्क थकली. रात्री घर निजलं की ऐकू यायचं. टक्, टक्, मग थोडी शांतता, मग पुन्हा टक्. चार वर्षं ती अहोरात्र फिरत होती. टीव्ही बंद असला तरी हा रेकॉर्डर थांबत नसे. लावलेल्या चॅनलचा शेवटचा अर्धा तास तो सतत टिपून ठेवायचा. म्हणूनच चालू बातम्या मध्येच थांबवून दार उघडायला जाता यायचं, आणि परत आल्यावर जिथे थांबवलं तिथून पुढे पाहता यायचं. आज याचं कुणाला काही वाटणार नाही. पण 1999 मध्ये हा ‘टीव्हो’ बाजारात आला तेव्हा कॅसेटवर रेकॉर्डिंग करणाऱ्या आमच्यासारख्यांना ती जादूच होती. सिलिकॉन ग्राफिक्समधून बाहेर पडलेल्या जिम बार्टन आणि माइक रॅमझी या दोघांनी टीव्हो ही कंपनी काढली होती.

मला त्याहून मोठी जादू वाटली ती खोक्याच्या आत काय आहे हे कळल्यावर. आत एक लहानसा संगणकच होता. 54 मेगाहर्ट्झचा पॉवरपीसी प्रोसेसर, 16 एमबी मेमरी आणि साडेतेरा जीबीची डिस्क. साध्या प्रतीचं चित्र चालत असेल तर तिच्यावर चौदा तासांचं रेकॉर्डिंग मावायचं. आणि या सगळ्यावर राज्य लिनक्सचं. ऑफिसात ज्याच्याशी दिवसभर झटायचं, तेच घरी टीव्हीखाली गुपचूप बसलेलं होतं. कंपनीने आपल्या कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, सोर्स कोडही लिनक्सच्या परवान्याप्रमाणे खुला केला होता. त्यामुळे ज्याला कुतूहल आहे त्याला दार ठोठावता येत होतं. पुढच्या काळात अशा यंत्रांमध्ये कर्नलवरची सही तपासण्याची पद्धत आली. सोर्स कोड वाचता येतो, पण बदललेला कोड त्याच यंत्रावर चालवता येत नाही, या प्रकाराला टीव्होच्याच नावावरून ‘टीव्होआयझेशन’ असा शब्द रूढ झाला. हा परवाना तयार करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांच्या संस्थेने 2007 च्या जूनमध्ये त्याची तिसरी आवृत्ती काढली, तिच्यात त्यावर बंधन घातलं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना ते पटलं नाही आणि कर्नल दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. आमचा खोका मात्र त्या आधीच्या पिढीतला, भोळा होता. मागच्या सिरियल पोर्टला वायर लावली की तो बोलायचा.

एक मोठी डिस्क आणायची, जुनीवरचं सगळं तिच्यावर उतरवायचं आणि बदली करायची, असं ठरवलं. दुसरी डिस्क शेजारी जोडण्याचीही सोय होती, पण एकदा दोघींची गाठ मारली की एक गेल्यावर दुसरीही निकामी होते, म्हणून तो विचार सोडला. 120 जीबीची एकच डिस्क घेतली. 137 जीबीच्या पुढचं या जुन्या यंत्राला दिसत नाही, त्यामुळे त्याहून मोठी घेऊन उपयोग नव्हता.

शनिवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मी खोका उघडायला घेतला. त्याचे स्क्रू सहा पाकळ्यांचे असतात, साधा पेचकस त्यांना लागत नाही. अण्णा समोरच्या खुर्चीवर बसून बघत होते. झाकण निघाल्यावर मी त्यांना डाव्या बाजूचा उघडा वीजपुरवठा दाखवून म्हटलं, “अण्णा, एवढ्या भागाला हात लावू नका, प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहते.” त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तसेच वाकून आत पाहत राहिले. शेताच्या कडेला उभं राहून दुसऱ्याच्या पिकाकडे पाहताना ते असेच उभे राहायचे.

जुनी आणि नवी अशा दोन्ही डिस्क मी माझ्या पीसीला लावल्या. विंडोज चुकूनही सुरू होऊ दिलं नाही. ते दिसेल त्या डिस्कच्या पहिल्या ब्लॉकवर स्वतःची खूण उमटवतं आणि टीव्होचं पहिलं पान बिघडतं. लिनक्सच्या सीडीवरून मशीन चालू केलं आणि ते पहिलं पान वाचलं. तिथे सुरुवातीचा आकडा असायला हवा 1492. मला दिसला 9214. यात बिघाड काही नव्हता. टीव्होच्या त्या पहिल्या पिढीत प्रोसेसर आणि डिस्क यांच्यामधल्या तारा अशा जोडलेल्या होत्या, की प्रत्येक दोन बाइट उलटसुलट होऊन डिस्कवर जात. टीव्होला स्वतःला ते सरळच वाचता यायचं. बाहेरच्याला मात्र प्रत्येक जोडी उलटी दिसायची. पीसीला तसं सांगून ठेवलं की मग सगळं सुरळीत.

अण्णांना 1492 चं सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, “कोलंबस निघाला ते साल ना?” तो आकडा कुणी का निवडला हे मला माहीत नाही. पण हे साल त्यांना शाळेपासून पाठ होतं आणि आज ते अमेरिकेत, मुलाच्या टेबलावर, एका डिस्कच्या उंबऱ्यावर त्यांना भेटलं, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं.

मग पडद्यावर पार्टिशनची यादी आली, आणि अण्णांनी खिशातून चष्मा काढला.

पार्टिशन म्हणजे काय हे मी त्यांना सांगायला लागलो. एकच डिस्क असते, पण तिचे भाग पाडलेले असतात, प्रत्येकाला क्रमांक असतो, प्रत्येकाचा उपयोग वेगळा. ते मला थांबवून म्हणाले, “हे पोटहिस्से आहेत.”

मी वीस वर्षं संगणकावर काम करत होतो. पार्टिशनसाठी ‘विभाजन’, ‘खंड’ असे जडशीळ शब्द वाचले होते. देशाच्या इतिहासाशी जोडलेला ‘फाळणी’ हा शब्द तर ऐकूनही नकोसा वाटायचा. आणि भूमी अभिलेखाच्या कचेरीत पिढ्यानपिढ्या रोज वापरात असलेला हा शब्द माझ्या बापाच्या तोंडी होता. सर्व्हे नंबर एक, त्याचे पोटहिस्से अनेक. पोटहिश्श्यांच्या नकाशाला त्यांच्याकडे फाळणीच म्हणतात. त्यात रक्त नाही, भाऊबंदकी असली तर असते. नंतर मला जाणवलं की डिस्कच्या बाबतीत अण्णांना नवीन असं फारसं काही नव्हतंच. नवीन होतं ते फक्त इंग्रजी.

जुन्या डिस्कवर अकरा पोटहिस्से होते. पहिला म्हणजे खुद्द यादीच. ही यादी ॲपलच्या संगणकांच्या पद्धतीची असते. दुसरा, तिसरा आणि चौथा हा एक संच: सुरू होण्यापुरता तुकडा, कर्नल आणि मूळ फाइल सिस्टिम. पाचवा, सहावा, सातवा हा अगदी तसाच दुसरा संच. आठवा स्वॅप, 64 एमबीचा. नववा ‘व्हार’ नावाचा, 128 एमबीचा, यंत्राच्या रोजच्या नोंदींसाठी. दहावा आणि अकरावा टीव्होच्या स्वतःच्या फाइल सिस्टिमचे. त्यातल्या दहाव्यात 512 एमबीत सगळा हिशेब, म्हणजे काय रेकॉर्ड केलं, कधी केलं, पुढे काय करायचं आहे. आणि अकराव्यात प्रत्यक्ष चित्रं.

“एकसारखे दोन संच कशाला?” अण्णांनी विचारलं.

मी सांगितलं की यंत्र एका वेळी एकच वापरतं. कंपनीकडून नवी आवृत्ती आली की ती रिकाम्या संचात उतरते आणि पुढच्या वेळी यंत्र तिथून सुरू होतं. मग जुना संच मोकळा राहतो, त्याच्या पुढच्या आवृत्तीसाठी. नव्यात काही बिनसलं तर जुना शाबूत असतो.

“म्हणजे एक पेरायचा, एक पड ठेवायचा. चालू पड.” त्यांनी मान हलवली. पड टाकलेल्या जमिनीला कुणी वाया गेलेली म्हटलं की अण्णा आयुष्यभर चिडत आले.

टीव्होच्या फाइल सिस्टिमबद्दल सांगताना तर मी सांगायचा आणि ते नाव ठेवायचे, असंच झालं. साध्या फाइल सिस्टिममध्ये फाइल्स लिहून, पुसून, पुन्हा लिहून मोकळी जागा चिंध्यांसारखी इकडेतिकडे पडते. एकाच वेळी एक कार्यक्रम लिहायचा आणि दुसरा दाखवायचा तर डिस्कच्या वाचनमुखाला या चिंध्यांमधून धावणं परवडत नाही. म्हणून टीव्होने चित्रांसाठी जागा मोठमोठ्या सलग पट्ट्यांतच वाटायची असं ठरवलं. अण्णा म्हणाले, “तुकडेबंदी.” 1947 चा कायदा त्यांना कलमांसकट पाठ होता. एकत्रीकरणाच्या योजनेत त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती. चार ठिकाणी विखुरलेले अर्ध्या-अर्ध्या एकराचे तुकडे एका गटात आणताना शेतकऱ्याचा जीव कसा वरखाली होतो, ते त्यांनी पाहिलं होतं. आतापर्यंत ते कुतूहलाने पाहत होते, आता आपलेपणाने पाहू लागले.

संध्याकाळी नकलेला लावलं. जुनी रेकॉर्डिंगसुद्धा ठेवायची होती. लेकीचे कार्टूनचे कार्यक्रम होते आणि ‘धिस ओल्ड हाउस’चे भाग होते. हा कार्यक्रम अमेरिकेच्या सार्वजनिक टीव्हीवर 1979 पासून चालू आहे. जुनं घर घ्यायचं आणि ते आठवड्या-आठवड्याला कसं दुरुस्त होतं ते दाखवायचं, एवढाच त्याचा विषय. अण्णांना पंधरा दिवसांत त्याचं वेड लागलं होतं. सुतार फळीवर पेन्सिलीने खूण करायला लागला की ते खुर्चीत पुढे सरकायचे.

रात्रभर नक्कल चालली. सकाळी शेवटचा टप्पा राहिला होता, उरलेली जागा यंत्राला उघडी करून देण्याचा. त्यासाठी एक आज्ञा आहे, तिला काही सांगावं लागत नाही. मी ती दिली. क्षणात बारावा आणि तेरावा असे दोन नवे पोटहिस्से तयार झाले, दोन्ही टीव्होचे, आणि डिस्क शेवटच्या ब्लॉकपर्यंत भरली. चौदा तासांच्या जागी सव्वाशे तासांहून जास्त. मी खुशीत अण्णांना हाक मारली.

त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि एका पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड सुरू केली. यादीत प्रत्येक भागापुढे दोन आकडे असतात, तो किती ब्लॉकचा आहे आणि कुठून सुरू होतो. अण्णा एकेकाची सुरुवात आणि लांबी यांची बेरीज करून बघत होते, की तिथेच दुसरा कुणी सुरू होतो का. क्रमांकांचा आणि जागेचा क्रम एकच नव्हता, पण त्याने ते अडले नाहीत. “गट नंबर सलग असले म्हणून जमिनी सलग नसतात.” शेवटची बेरीज आली 23,44,41,648. डिस्कवर एकूण तेवढेच ब्लॉक होते. त्या आकड्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. हद्दी जुळल्या, कुठे पोटखराबा नाही, कुठे अतिक्रमण नाही.

मग त्यांनी विचारलं, “आणि तुझं काय यात?”

मला प्रश्न कळला नाही.

“ती साताऱ्याची वेळ दाखवायचास ना टीव्हीवर? आई सांगत होती. ती कुठे राहणार?”

ती गोष्ट अशी होती. दोन वर्षांपूर्वी मी त्या यंत्रासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. रात्री नऊ वाजले की चालू चित्रावर खालच्या कोपऱ्यात, रोमन अक्षरांत ‘सातारा’ आणि पुढे तिथली वेळ उमटायची. टीव्होचं आतलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालतं, त्यात फक्त साडेपाच तास मिळवायचे. अमेरिकेतली घड्याळं पुढेमागे झाली तरी तो हिशेब बदलत नाही. ती अक्षरं दिसली की मी फोन उचलायचो. तिकडे चहा होत आलेला असायचा. प्रोग्रॅम मी ‘व्हार’मध्ये ठेवला होता, कारण लिहायला मोकळी अशी तेवढीच जागा होती. पण व्हार यंत्राचं आहे. सुरू होताना तो भाग धड नाही असं दिसलं आणि दुरुस्त झाला नाही, तर यंत्र तो सरळ नव्याने तयार करतं. त्याच्या दृष्टीने त्यात जपण्यासारखं काही नसतं. एकदा वादळात वीज गेली, आली, आणि माझं सातारा पुसलं गेलं. मूळ फाइल सिस्टिममध्ये ठेवलं असतं तर नवी आवृत्ती आल्यावर ते पडीक संचात मागे राहिलं असतं. म्हणजे अकरा पोटहिश्श्यांच्या त्या डिस्कवर, माझ्या पैशाने घेतलेल्या, माझ्या घरातल्या, मला ठेवायला चार ओळींचीही हक्काची जागा नव्हती. आणि आता जवळजवळ नऊपट मोठी डिस्क आणून तिचाही कोपरा न् कोपरा मी देऊन बसलो होतो.

“त्यातलं थोडं परत घेता येईल?” अण्णांनी विचारलं.

येणार नव्हतं. टीव्होची फाइल सिस्टिम वाढवता येते, माझ्याजवळच्या साधनांनी आवळता येत नव्हती. दिलेली जागा गेलीच.

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मोजणीत आधी गावठाण काढायचं, गायरान काढायचं, ओढे आणि वाटा काढायच्या. उरेल ते लागवडीला. उलट केलंस तर नंतर एक गुंठा कुणी सोडत नाही. भांडून नाही, रडून नाही.”

एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट गुणिले तेहेतीस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. एवढ्याशा जागेसाठी उभं राहिलेलं वैर त्यांनी किती पाहिलं असेल. पण ते वैराबद्दल बोलत नव्हते. गायरान कुणाचं वैयक्तिक नसतं, त्यावर पीक निघत नाही, त्याचा आकार भरावा लागत नाही, म्हणून ते नेहमी फुकट पडल्यासारखं दिसतं. आधीच कुणीतरी नकाशावर रेघ मारून ठेवलेली असते म्हणून ते टिकतं.

मी डिस्क पुसली आणि पुन्हा सुरुवात केली. आणखी एक रात्र.

या वेळी नक्कल झाल्यावर विस्ताराची आज्ञा दिली नाही. पार्टिशनच्या यादीत हात घालणारा ‘पीडिस्क’ नावाचा प्रोग्रॅम आहे, तो उघडला. त्यात नवा भाग काढायला कॅपिटल सी दाबायचं. तो विचारतो, सुरुवात कुठे? मोकळ्या जागेचा पहिला ब्लॉक दिला. लांबी किती? अण्णांकडे पाहिलं. व्हारपेक्षा लहान नको आणि हावरेपणाही नको, असं आमचं आधीच बोलणं झालं होतं. 10,48,576 ब्लॉक, म्हणजे 512 एमबी. शंभर वाट्यांतला अर्धा वाटाही नाही. मग तो नाव विचारतो. मी बोटं अधांतरी ठेवून थांबलो. अण्णांनी हळूहळू, अक्षर अक्षर सुटं करून सांगितलं: पोटहिस्सा. रोमन अक्षरांत ते नाव टाकलं. शेवटी प्रकार विचारला: एक्स्ट-टू. लिनक्सची ही फाइल सिस्टिम रेमी कार यांनी 1993 मध्ये आणली. तुकडेबंदी नाही, भपका नाही, लहान लहान फाइल्स नीट सांभाळते. डब्ल्यू दाबून यादी डिस्कवर लिहिली. आणि त्यानंतर, उरलेलं सगळं टीव्होला दिलं. त्याचे नवे दोन भाग तेरावा आणि चौदावा झाले. आपले भाग कोणकोणते, ही नावं टीव्होची फाइल सिस्टिम स्वतःच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते. तिथे दहा, अकरा, तेरा, चौदा असं आलं. बाराचं नाव त्यात नव्हतं. यंत्राला तो माहीत होता, पण आपला म्हणून माहीत नव्हता.

अण्णांनी पुन्हा पाकीट घेतलं आणि पुन्हा बेरजा केल्या. मग सातबाऱ्याची आठवण काढून म्हणाले, “ही यादी म्हणजे नमुना सात. जागा कुणाची, किती, एवढंच. आत काय पेरलंय ते नमुना बारावर. तो तू अजून कोराच ठेवलायस.”

खरं होतं. बारावा भाग यादीत आला होता, पण अजून त्यावर फाइल सिस्टिम नव्हती. डिस्क खोक्यात बसवली, झाकण न लावताच वीज दिली. टीव्हीवर सुरुवातीचा राखाडी पडदा आला आणि आई देवघरातून बाहेर आली. टकटक नव्हती. सिरियल वायरीतून मी आत शिरलो. बिघडलेला व्हार नव्याने तयार करायला यंत्र जो प्रोग्रॅम वापरतं, तोच मी बाराव्यावर चालवला. ज्याने माझं पुसलं होतं त्यानेच मला जागा आखून दिली. सुरू होतानाच्या आज्ञांच्या फाइलीत एक ओळ टाकली की हा भागही जोडून घे. ती ओळ मूळ फाइल सिस्टिममध्ये असल्यामुळे प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर जाणार होती आणि पुन्हा लिहावी लागणार होती. चालेल. दार पुन्हा पुन्हा बसवावं लागलं तरी खोली जागेवर राहणार होती.

सातारा नव्याने लिहिलं. त्या रात्री नऊला ते टीव्हीच्या कोपऱ्यात उमटलं तेव्हा फोन करायचा होता ती दोन माणसं सोफ्यावरच बसलेली होती. आई म्हणाली, “आता तिकडे कोण आहे उठायला?” आणि तरीही तिघेही ती वेळ बघत राहिलो.

त्या डिस्कनंतर आमच्या घरात एक सवय लागली. वर्षाच्या सुरुवातीला लेकीचं वेळापत्रक यायचं, पोहणं, पियानो, फुटबॉल, शाळेचे प्रकल्प. ते भरायच्या आधी बायको कॅलेंडरवर रविवारची सकाळ पेन्सिलीने चौकट करून ठेवायची, मराठीच्या वाचनाची. बाकीचं त्या चौकटीभोवती बसवायचं. आधी आम्ही ते शेवटी बसवायचा प्रयत्न करत होतो आणि ते कधीच बसत नव्हतं.

परत जायच्या आदल्या दिवशी अण्णा जरा संकोचून म्हणाले, “त्यात माझंही काही ठेवता येईल का?”

मला वाटलं फोटो. फोटो नव्हते. त्यांना आमच्या वडिलोपार्जित जमिनीची चतुःसीमा लिहून ठेवायची होती. कागदावर ती होतीच, कचेरीत होती, पण तुझ्याकडे असू दे म्हणाले. ते सांगत गेले आणि मी रोमन अक्षरांत मराठी टंकत गेलो. पूर्वेस ओढा, ओढ्याच्या काठाने करंज. पश्चिमेस गाडीवाट, वाटेच्या पलीकडे चुलत्यांची विहीर. दक्षिणेस बांध, बांधावर तीन दगड, मधला पांढरा. तेवढ्यात सामानाच्या वजनावरून आतून आईची हाक आली, एका बॅगेत चार किलो जास्त भरत होतं, आणि आम्ही उठलो ते उठलोच. फाइल ‘सातारा’ नावाच्याच डिरेक्टरीत राहिली.

खोका पुढे अनेक वर्षं चालला. मग नवा आला आणि हा तळघरात गेला. 2016 मध्ये त्या पहिल्या पिढीच्या यंत्रांना कार्यक्रमांचं वेळापत्रक पुरवणं बंद झालं आणि त्याचं टीव्हीखालचं काम कायमचं संपलं. गेल्या वर्षी आम्ही घर बदललं, तेव्हा तळघर उपसताना तो हाती लागला. डिस्क काढून मी आजच्या संगणकाला जोडली. ती फिरली. पण संगणकाला त्यावर काहीच ओळखता येईना, तो कोरी डिस्क समजून नवी यादी लिहू का म्हणून विचारत होता. मी नको म्हटलं आणि कच्चे ब्लॉक वाचायला घेतले. निरर्थक अक्षरांच्या राशीत एके ठिकाणी रोमन अक्षरांत दिसलं: असतार.

जोड्या उलट्या झालेल्या होत्या. एस आणि ए, टी आणि ए, आर आणि ए. प्रत्येक जोडीत पुढचं मागे गेलेलं. सातारा.

सगळी डिस्क जोडी-जोडी सुलटी करत नव्या डिस्कवर उतरवली. त्याला रात्र लागली नाही, दुपार पुरली. बारावा पोटहिस्सा उघडला, पहिल्याच प्रयत्नात. आत वेळेचा प्रोग्रॅम होता आणि चतुःसीमेची फाइल होती, पूर्व, पश्चिम, दक्षिण, आणि मग काही नाही.

रात्री नऊ वाजता फोन लावला. अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. मोजणीसाठी आता उपग्रहावरून जागा पकडणारी यंत्रं येतात, परवाच शेजारच्या गटात आली होती, ती बघायला काठी घेऊन बांधापर्यंत गेल्याचं त्यांनी आधी सविस्तर सांगितलं. मग मी त्यांना फाइल वाचून दाखवली. मधल्या पांढऱ्या दगडाशी आलो आणि थांबलो.

“उत्तर राहिली आहे, अण्णा.”

“उत्तरेस देवस्थान इनाम,” ते लगेच म्हणाले. “मधे बांध. बांधावर दोन चिंचा, एक वठलेली. लिहितोयस ना?”

“लिहितोय.”

“वठलेलीच्या बुडाशी दगड आहे, मातीत गेलाय, वीतभर उकरलं की लागतो. तेही लिही.”